मूळ पाठ आणि दर्शनी पाठ : ‘लिंक्स’ ब्राउझरमधील स्रोतसंचयाची चिकित्सा

१

छापील ग्रंथ वाचताना दहा पाने पुढे जाऊन पुन्हा मागे आले, तरी मागचे पान पूर्वी होते तसेच सापडते. या स्थैर्याची वाचकाला इतकी सवय झालेली असते की त्याचा वेगळा विचार करण्याचे त्याला कारण पडत नाही. वेबवरील दस्तऐवजाला हे स्थैर्य आपोआप लाभत नाही. तेथे पान मागे उलटण्याची क्रिया ब्राउझर या आज्ञावलीने घडवून आणावी लागते; आणि ती कितपत खरी उतरेल हे त्या आज्ञावलीच्या रचनाकाराने पहिल्या वाचनाच्या वेळी कोणती वस्तू जपून ठेवली, यावर अवलंबून असते.

जपून ठेवण्याजोग्या वस्तू दोन आहेत. दूरच्या सर्व्हरकडून ब्राउझरकडे येते ती बाइटांची एक मालिका होय. तिच्यात मजकुराची अक्षरे असतात. परिच्छेद, मथळे व दुवे दाखविणारे एचटीएमएलचे टॅग असतात. आणि या सर्वांच्या आधी दस्तऐवजाचा प्रकार, त्याचा अक्षरसंकेत, त्याची मुदत इत्यादी सांगणाऱ्या शीर्षनोंदी असतात. या सर्वास प्रस्तुत लेखात ‘मूळ पाठ’ म्हटले आहे. ब्राउझर या मालिकेचा अर्थ लावतो, तिची मांडणी करतो आणि पडद्यावर काही ओळी उमटवितो. या ओळींना ‘दर्शनी पाठ’ म्हणता येईल. पुन्हा उपयोगी पडावे म्हणून जवळ राखलेल्या साठ्याला संगणकक्षेत्रात ‘कॅश’ अशी संज्ञा आहे. तिच्यासाठी येथे ‘संचय’ हा शब्द योजिला आहे. मूळ पाठाचा साठा तो स्रोतसंचय, आणि दर्शनी पाठाचा साठा तो दर्शनसंचय.

यांपैकी कोणता साठा करावा, हा प्रश्न वरवर पाहता केवळ अभियंत्याचा वाटतो. वस्तुतः तो पाठचिकित्सेचा जुनाच प्रश्न आहे. दर्शनी पाठ हे मूळ पाठाचे एक वाचन असते आणि प्रत्येक वाचनात काही निर्णय गृहीत असतात. वाचन जपले आणि पाठ टाकून दिला, तर ते निर्णय तपासण्याचा मार्ग कायमचा बंद होतो. स्रोतसंचयाच्या रचनेचा विचार ‘वेग किती वाचला’ या एकाच मापाने करण्याची प्रथा आहे. हे माप अपुरे असून ‘वाचन पुन्हा तपासता येते काय’ हे त्याहून मूलगामी माप आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. त्यासाठी ‘लिंक्स’ हा केवळ अक्षरे दाखविणारा ब्राउझर उदाहरणादाखल घेतला आहे.

२

लिंक्सचा जन्म १९९२ साली अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठात झाला. लू माँतुली, मायकेल ग्रोब आणि चार्ल्स रेझॅक ही त्याच्या आरंभीच्या कर्त्यांची नावे होत. विद्यापीठाच्या आवारातील माहिती अनेकांना एकाच यंत्रणेवरून वाचता यावी, हा त्याचा मूळ हेतू होता. १९९३ मध्ये तो वेबशी जोडला गेला. चित्रे, ध्वनी यांना त्यात स्थान नाही. ठराविक रुंदीच्या चौकटींत एकेक अक्षर बसवून तो पान उभे करतो. वेबच्या पहिल्या काळातील बहुतेक ब्राउझर आज केवळ इतिहासात उरले आहेत. लिंक्स मात्र टिकून राहिला. अंध वाचकांची ध्वनियंत्रे, मंद जोडण्या, दूरच्या संगणकावर नुसत्या अक्षरपटावरून काम करणारे व्यवस्थापक, आणि पानातील निव्वळ मजकूर वेगळा काढू पाहणारे अभ्यासक अशा अनेकांना त्याचा उपयोग होत आला आहे. शेवटचा वर्ग भाषाभ्यासकांच्या जवळचा आहे. लिंक्सला ‘डम्प’ हा पर्याय देऊन आज्ञा केली असता तो पानाचा दर्शनी पाठ प्रमाण निर्गमाकडे पाठवितो; तेथून तो फाइलीत उतरवून घेता येतो. शब्दसंग्रहासाठी किंवा वाक्यसंग्रहासाठी मजकूर गोळा करणाऱ्याला ही सोय मोठी मोहात पाडणारी आहे.

लिंक्सच्या मूळ रचनेत जो संचय होता तो दर्शनसंचय होता. वाचलेल्या दस्तऐवजांची मांडून तयार झालेली रूपे तो स्मृतीत ठेवीत असे. त्यांची संख्या नेहमीच्या मांडणीत दहा असून ती वाचकाला बदलता येते. मागच्या पानावर परतणाऱ्याला तयार रूप तत्काळ मिळे. मूळ पाठाचे काम मांडणी होताच संपले असे मानले जाई आणि तो टाकून दिला जाई. त्या काळच्या संगणकांची स्मृती तोकडी होती, एकाच यंत्रावर अनेक वाचक एकाच वेळी बसलेले असत, आणि दोन्ही पाठ राखणे ही चैन ठरली असती. तेव्हा या निर्णयाला केवळ चूक म्हणून मोकळे होणे न्यायाचे होणार नाही. परंतु त्या निर्णयाचे परिणाम पुढे कोठवर पोचले, हे पाहणे अगत्याचे आहे.

३

पहिला परिणाम लिंक्सच्या स्वतःच्या पर्यायांतून दिसून येतो. हा ब्राउझर वाचकाला अर्थ लावण्याच्या अनेक रीती देऊ करतो. चित्रांच्या जागी दुवे दाखवावेत की नाही, एचटीएमएलचे व्याकरण काटेकोरपणे पाळावे की ढिलाईने, दस्तऐवजाचा अक्षरसंकेत कोणता मानावा, असे अनेक निर्णय वाचक वाचता वाचता बदलू शकतो. यांतील सर्वांत बोधप्रद उदाहरण टीपांचे आहे.

एचटीएमएलमध्ये लेखकाला स्वतःसाठी टीप लिहून ठेवता येते. ती वाचकाला दिसू नये अशी अपेक्षा असते. पण ही टीप संपते कोठे? लिंक्सजवळ याची तीन उत्तरे आहेत. ‘ऐतिहासिक’ रीतीने टीप पहिल्या बंद कोनचिन्हाशी संपते. ‘किमान’ रीतीने दोन आडव्या रेघा व त्यांना लागून कोनचिन्ह आले म्हणजे संपते. ‘ग्राह्य’ रीतीने आडव्या रेघांच्या जोड्या मोजाव्या लागतात: एक जोडी टीप उघडते आणि दुसरी मिटते. समजा, लेखकाने एखादा टॅगच टीपेत गुंडाळून ठेवला आहे. ऐतिहासिक रीतीने त्या टॅगाच्या कोनचिन्हाशीच टीप संपेल आणि जे झाकावयाचे होते ते पडद्यावर येईल. उलट, टीपेत शोभेसाठी रेघांची लांब ओळ काढली असेल, तर ग्राह्य रीतीने उघडमिटीचा हिशेब बिघडून पुढचा खरा मजकूरही टीपेत गडप होऊ शकेल. मूळ पाठ एकच, पण वाचने तीन. आणि तिन्ही वाचनांत शब्दांची संख्यासुद्धा सारखी असेल असे नाही.

अशा वेळी वाचकाने रीत बदलली तर ब्राउझरने काय करावे? ज्याच्याजवळ केवळ ऐतिहासिक रीतीने सिद्ध झालेला दर्शनी पाठ आहे, त्याला त्यातून किमान रीतीचा पाठ काढता येत नाही. जी कोनचिन्हे पाहून निर्णय घेतला ती चिन्हेच त्या पाठात उरलेली नाहीत. म्हणजे मूळ पाठाकडून दर्शनी पाठाकडे जाणारी वाट एकमार्गी आहे. भाषाभ्यासकाला हे अपरिचित नाही. उच्चारित वाक्यावरून त्याचे लेखन करता येते. लेखनावरून त्या वक्त्याचा सूर, त्याचे थांबणे, त्याचा आघात परत मिळत नाही. म्हणूनच ध्वनिमुद्रण जपावयाचे असते आणि लेखनाला त्याचे एक विश्लेषण मानावयाचे असते. स्रोतसंचयाविना लिंक्सला अशा प्रत्येक वेळी पुन्हा सर्व्हरकडे जाऊन दस्तऐवज नव्याने आणावा लागे. ते करणे कितपत योग्य, याचा विचार पुढे पाचव्या विभागात केला आहे.

४

टीपांचे उदाहरण थोडे तांत्रिक वाटेल. मराठी मजकुराच्या बाबतीत हाच प्रश्न अक्षरागणिक उभा राहतो.

युनिकोडमध्ये देवनागरी अक्षरांना जे क्रमांक दिले आहेत, ते यूटीएफ-८ या संकेताने लिहिताना प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात. दस्तऐवज यूटीएफ-८ मध्ये आहे ही माहिती बहुधा शीर्षनोंदीत असते. ती नसली तर काय मानावे? १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एचटीटीपी १.१ च्या विनिर्देशात अशा मजकुराचा संकेत आयएसओ ८८५९-१, म्हणजे पश्चिम युरोपीय भाषांचा लॅटिन-१, हा मानावा असे ठरविले होते. २०१४ च्या सुधारित विनिर्देशात हा नियम काढून टाकण्यात आला. नियमाप्रमाणे चालणाऱ्या ब्राउझरला शीर्षनोंद नसलेला मराठी दस्तऐवज मिळाला, तर त्याने तो लॅटिन-१ म्हणून वाचावा हे त्या काळी शास्त्रशुद्धच होते. परिणामी ‘म’ या एका अक्षराच्या जागी आघातचिन्ह असलेले लॅटिन ‘ए’, चलनाचे सर्वसाधारण चिन्ह आणि वर्तुळातले ‘आर’ अशी तीन चिन्हे पडद्यावर येत.

येथवर हानी भरून निघण्यासारखी आहे, कारण तीन चिन्हांवरून तीन बाइट ओळखता येतात. पण लॅटिन-१ मध्ये बाइटांचा एक पट्टा असा आहे की ज्यात दिसणारी चिन्हे नसून केवळ यंत्राला द्यावयाच्या नियंत्रणखुणा आहेत. ‘क’ आणि ‘ग’ या दोन्ही अक्षरांचा तिसरा बाइट नेमका या पट्ट्यात पडतो. पहिले दोन बाइट दोहोंत सारखेच असतात. ब्राउझरने नियंत्रणखुणा पडद्यावर न उमटविता गाळून टाकल्या, तर ‘काय’ आणि ‘गाय’ या दोन शब्दांचे दर्शनी रूप एकच होते. ‘ी’, ‘े’, ‘ो’ या मात्रा, अनुस्वार आणि हलन्ताची खूण यांचीही गत तीच. अशा पाठावरून मूळ शब्द परत मिळविण्याचा कोणताही नियम सांगता येणार नाही; मिळेल तो तर्क. मूळ पाठ मात्र हाती असेल, तर वाचकाने संकेत बदलताच त्याच बाइटांतून दोन्ही शब्द निर्दोष उभे राहतात.

युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वीच्या मराठी पानांची कथा वेगळी, पण तात्पर्य एकच आहे. त्या पानांवर देवनागरी अक्षरे लॅटिन अक्षरांच्या क्रमांकांवर बसविलेली असत आणि ती कोणत्या फाँटाने पाहावयाची हे टॅगमध्ये नमूद केलेले असे. निरनिराळ्या फाँटांत एकाच क्रमांकावर निरनिराळी अक्षरे असल्याने फाँटाचे नाव ही त्या मजकुराची किल्लीच होय. अक्षरपटावर चालणाऱ्या ब्राउझरला फाँट बदलता येत नाही. तो टॅग वगळून लॅटिन अक्षरांची निरर्थक रांग दाखवितो. ही रांग ज्याने फाइलीत उतरवून घेतली त्याच्याजवळ कुलूप आले, किल्ली मागेच राहिली. मूळ पाठ राखणाऱ्याला मात्र फाँटाचे नाव वाचून संकेतांतर करणे शक्य असते.

तिसरे उदाहरण सूक्ष्म आहे, आणि मराठीच्या वर्णव्यवस्थेशी त्याचा साक्षात संबंध आहे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे दरीचे अनेकवचन. तसेच ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’. हा भेद लेखनात रफार आणि आडवा र यांनी दाखविला जातो. युनिकोडमध्ये आडवा र लिहिण्याची एक रीत ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरण्याची आहे; दुसरी रीत साध्या ‘र्’ पुढे जोडणारी शून्यरुंदीची खूण घालण्याची आहे. ही खूण स्वतः दिसत नाही. जी आज्ञावली न दिसणारी चिन्हे निरुपयोगी समजून मांडणीतून गाळते, ती दुसऱ्या रीतीने लिहिलेल्या दऱ्यांचा दर्या करून टाकते. दर्शनी पाठावरून शब्दसंग्रह करणाऱ्या अभ्यासकाला येथे अर्थभेदक लेखनभेद गमवावा लागेल. आणि तो गमावला आहे हे त्याला कळणारही नाही. संचयाच्या रचनेतील एक वरवर क्षुल्लक निर्णय अशा रीतीने भाषावैज्ञानिक पुराव्याच्या विश्वासार्हतेपर्यंत येऊन पोचतो.

५

यावर सहज सुचणारा आक्षेप असा की, मूळ पाठ हवा तेव्हा पुन्हा आणता येतो. मग जपण्याचा खटाटोप कशाला? जोडण्या वेगवान झाल्यामुळे या आक्षेपाला आज अधिक बळ आल्यासारखे वाटते. परंतु पुन्हा आणलेला दस्तऐवज तोच असतो, हे त्यामागचे गृहीत आहे. आणि ते टिकणारे नाही.

वेबवरील पत्ता एका ठिकाणाचे नाव आहे, एका पाठाचे नव्हे. त्याच पत्त्यावर सकाळी एक मजकूर असतो, दुपारी दुसरा. वाचक पानातील एका संशयास्पद शब्दावर थांबला आणि त्याने ‘मूळ पाठ दाखव’ अशी आज्ञा केली. ब्राउझर नव्याने दस्तऐवज आणून त्याचा मूळ पाठ दाखवितो. आता पडद्यावर आहे तो वाचकाने वाचलेल्या पानाचा मूळ पाठ नसून त्या पत्त्यावर या क्षणी असलेल्या पानाचा आहे. शंका ज्या शब्दाविषयी होती तो शब्द त्यात असेलच असे नाही. साक्षीदार बदलून साक्ष तपासण्यासारखा हा प्रकार झाला.

दुसरी अडचण याहून गंभीर आहे. काही दस्तऐवज नुसत्या पत्त्याने मिळत नाहीत. वाचकाने अर्ज भरून धाडल्यावर त्याचे उत्तर म्हणून ते येतात. अशा उत्तराचे केवळ टॅग पाहावेत म्हणून ते पुन्हा आणावयाचे, तर तोच अर्ज दुसऱ्यांदा धाडावा लागतो. अर्ज नोंदणीचा किंवा खरेदीचा असेल तर कृतीच दुबार घडण्याचा धोका असतो. लिंक्स अशा वेळी वाचकाला विचारून मगच पुढे जातो, हे त्याच्या कर्त्यांच्या सावधपणाचे द्योतक आहे. पण जे पाहणे निरुपद्रवी असावयास हवे त्यासाठी परवानगी विचारावी लागते, यातच रचनेतील उणीव दिसून येते. वाचन आणि कृती यांतील सीमारेषा मूळ पाठ न जपल्यामुळे पुसली गेली.

येथे ‘संचय’ आणि ‘इतिहास’ या दोन कल्पनांतील भेद ध्यानात घेणे आवश्यक आहे. १९९९ च्या उपरिनिर्दिष्ट विनिर्देशात तो स्पष्टपणे मांडला आहे. संचयाचे काम सर्व्हरवरील वर्तमान स्थितीशी सुसंगत असे उत्तर देणे हे आहे; म्हणून त्याला ताजेपणाचे नियम लागू होतात. इतिहासाचे, म्हणजे मागे जाण्याच्या सोयीचे, काम वाचकाने त्या वेळी जे पाहिले तेच पुन्हा दाखविणे हे आहे. त्याची मुदत टळून गेली असली तरी हरकत नाही. २०२२ च्या संचयविषयक विनिर्देशातही इतिहासाला ताजेपणाच्या बंधनातून मोकळे ठेवले आहे. एक यंत्रणा ‘आता काय आहे’ हे सांगते, दुसरी ‘तेव्हा काय होते’ हे. व्याकरणाच्या भाषेत बोलावयाचे तर एकीचा काळ वर्तमान आणि दुसरीचा भूत. स्रोतसंचयाला नाव संचयाचे मिळाले असले, तरी त्याचे खरे स्थान इतिहासाच्या बाजूला आहे. हा काळभेद नीट न ओळखल्यामुळेच त्याच्या रचनेत पुष्कळसा घोटाळा होतो.

६

लिंक्सच्या नंतरच्या आवृत्त्यांत स्रोतसंचयाची सोय करण्यात आली. मांडणीच्या फाइलीत तिचे तीन पर्याय आहेत: मूळ पाठ तात्पुरत्या फाइलीत ठेवणे, तो स्मृतीत ठेवणे, किंवा मुळीच न ठेवणे. टीपांच्या रीतीसारखा एखादा पर्याय बदलला की ब्राउझर जाळ्याकडे न जाता साठ्यातील मूळ पाठाचेच नव्याने विश्लेषण करतो. ‘पुन्हा आणणे’ आणि ‘पुन्हा वाचणे’ या दोन क्रिया वेगळ्या आहेत, हे या सुधारणेने प्रथमच यंत्रणेच्या पातळीवर मान्य केले. तिचे महत्त्व येथेच आहे, आणि ते कमी लेखता येणार नाही.

तथापि तीन गोष्टींविषयी मतभेदाला जागा आहे. पहिली अशी की, वाचकाने काही न ठरविल्यास मूळ पाठ ‘न ठेवणे’ हा पर्याय लागू होतो. बहुसंख्य वाचक मांडणीची फाइल कधी उघडत नाहीत. म्हणून जे न सांगता घडते तेच रचनाकाराचे खरे मत समजावयास हवे. आणि ते मत अद्याप जुन्या तोकड्या स्मृतीच्या काळातले आहे.

दुसरी गोष्ट साठ्याच्या आयुष्याची. लिंक्समध्ये मूळ पाठ संचयित दस्तऐवजाच्या सोबतीने राहतो; मांडलेल्या रूपांच्या मर्यादित संख्येशी त्याचे आयुष्य बांधलेले आहे. हा क्रम उलटा असावयास हवा होता. मांडलेले रूप टाकले तर मूळ पाठावरून ते क्षणात पुन्हा तयार होते. मूळ पाठ टाकला तर मांडलेल्या रूपावरून तो कधीच तयार होत नाही. जागा अपुरी पडल्यास जे पुन्हा निर्माण करता येते ते आधी सोडावे आणि जे अनन्य आहे ते शेवटपर्यंत राखावे, हा कोणत्याही संग्रहालयाचा साधा नियम आहे. दहा मांडलेली रूपे आणि शंभर मूळ पाठ, अशी योजना एकाच स्मृतीत अधिक शहाणपणाची ठरली असती.

तिसरी गोष्ट अर्धवट राहिलेल्या दस्तऐवजांची. जोडणी मध्येच तुटली किंवा वाचकाने आणणे थांबविले, तर आलेला भाग साठ्यात राखावा की टाकावा, एवढेच लिंक्समध्ये ठरविता येते. राखल्यास तो पूर्ण पाठाचे काम करतो. टाकल्यास हाती आलेले हरवते. पाठचिकित्सकाने या दोन्ही टोकांना नकार दिला असता. खंडित पोथीला तो पूर्ण म्हणत नाही आणि फेकूनही देत नाही. कोठे तुटली याची नोंद करून तो ती राखतो. साठ्यातील प्रत्येक पाठासोबत ‘पूर्ण’ किंवा ‘खंडित’ एवढी एक खूण आणि वाचकाला ती दिसण्याची सोय असती, तर हा पेच उरला नसता.

७

या चिकित्सेवरून स्रोतसंचयाच्या उचित रचनेची काही लक्षणे ठरविता येतात. त्यांतील कळीचा प्रश्न असा की, ‘मूळ’ म्हणावयाचे ते नेमक्या कोणत्या पायरीवरील रूपास? जाळ्यावरून मजकूर तुकड्यातुकड्यांनी येतो. बहुधा तो दाबून लहान केलेला असतो. दाब काढल्यावर बाइटांची मालिका मिळते. बाइटांवरून अक्षरे, अक्षरांवरून टॅग व मजकूर, आणि त्यावरून पान, अशी ही उतरंड आहे. यांतील काही पायऱ्या उलटविता येतात. दाब काढल्याने माहितीचा एकही कण कमी होत नाही आणि तेथे कोणताही तर्क करावा लागत नाही. बाइटांवरून अक्षरे ओळखणे मात्र निर्णयाचे काम आहे, आणि तो निर्णय चुकू शकतो. म्हणून जेथवर निर्णय नाही तेथवर उतरावे आणि पहिल्या निर्णयाच्या अलीकडे थांबून साठा करावा, हे तत्त्व निश्चित करता येते. अक्षरे युनिकोडमध्ये बदलून मग साठविणारी रचना सोयीची दिसते. पण चौथ्या विभागातील उदाहरणे पाहता ती मूळ पाठाच्या जागी पहिलेच भाषांतर ठेवते.

दुसरे लक्षण असे की, बाइटांबरोबर शीर्षनोंदी राखल्या पाहिजेत. अक्षरसंकेत, दस्तऐवज प्राप्त झाल्याची वेळ आणि पत्ते बदलत बदलत अखेर ज्या ठिकाणी तो सापडला ते ठिकाण यांची नोंद नसलेला पाठ म्हणजे पुष्पिका हरवलेली पोथी. तिसरे असे की, साठ्यातील नोंदीची ओळख केवळ पत्त्यावरून ठरविता कामा नये. धाडलेला अर्ज आणि वाचकाने मागितलेली भाषा यांवरून एकाच पत्त्यावर भिन्न पाठ येऊ शकतात. त्यांना एक समजणे म्हणजे दोन पोथ्यांची पाने एका बासनात बांधणे होय.

या सर्वांवर एक रास्त आक्षेप आहे, आणि त्याला बगल देता येणार नाही. जे जपले जाते ते उघडही पडू शकते. लिंक्सचा जन्मच अनेकांच्या सामायिक यंत्रावर झाला. तशा यंत्रावरील तात्पुरत्या फाइलीत एखाद्याच्या खाजगी पत्राचा मूळ पाठ पडून राहणे धोक्याचे आहे. सर्व्हरलाही ‘हे साठवू नये’ असे शीर्षनोंदीतून सांगता येते. १९९९ च्या विनिर्देशाने या आज्ञेचा रोख मुख्यतः कायम टिकणाऱ्या साधनावर ठेवला होता आणि इतिहासाच्या तात्पुरत्या साठ्याला सूट दिली होती. त्यावरून मार्ग निघतो: अशी आज्ञा असलेला पाठ स्मृतीतच राहावा, फाइलीत उतरू नये आणि वाचन संपताच नष्ट व्हावा, इतर पाठांच्या फाइली त्यांच्या मालकावाचून कोणास उघडता येऊ नयेत. फाइल की स्मृती ही निवड लिंक्स वाचकाकडून एकदाच, सर्व दस्तऐवजांसाठी मिळून करून घेतो. ती दस्तऐवजागणिक व्हावयास हवी.

८

चित्रमय ब्राउझरांच्या या काळात अक्षरपटावरील ब्राउझरच्या अंतर्रचनेची इतकी मीमांसा कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर या ब्राउझरच्या मर्यादेतच आहे. चित्रमय ब्राउझर पानासोबत आलेल्या आज्ञा चालवितो. पान डोळ्यांसमोर स्वतःला बदलत राहते आणि त्याचा ‘मूळ पाठ’ कोणता हे सांगणे दुरापास्त होते. लिंक्स त्या आज्ञा चालवीत नाही. त्याने दाखविलेले प्रत्येक अक्षर प्राप्त झालेल्या बाइटांपर्यंत मागे नेऊन दाखविता येते. पाठ आणि वाचन यांचा संबंध आदि ते अंत तपासता येईल अशी वेबवाचनाची ही जवळजवळ शेवटची जागा आहे. तेथे मूळ पाठ टाकून देणे म्हणजे हाताशी असलेला पुरावा अकारण गमावणे होय.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ पासून १९६६ पर्यंत चाललेले महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे काम या विभागाच्या अभ्यासकांना परिचित आहे. विष्णु सीताराम सुखटणकर आणि त्यांच्यानंतरच्या संपादकांनी सिद्ध केलेल्या पाठाविषयी मतभेद होत आले आणि पुढेही होतील. पण ते मतभेद होऊ शकतात याचे कारण, स्वीकारलेल्या पाठाखाली नाकारलेले पाठभेद त्याच पानावर नोंदविलेले आहेत. संपादकाने निर्णय घेतला, आणि तो फिरविण्याचे साधन वाचकाच्या हाती ठेवले. ब्राउझर हाही एक संपादकच आहे. तो दर क्षणी शेकडो निर्णय घेतो, आणि ते निमूटपणे घेतो. स्रोतसंचय हा त्याच्या पानाखालचा पाठभेदांचा कप्पा होय. वेबवरून मराठीचा पुरावा गोळा करणाऱ्या अभ्यासकाने आपल्या संग्रहात दर्शनी पाठ अवश्य ठेवावा; पण ज्या बाइटांवरून तो सिद्ध झाला ते बाइट, त्यांच्या शीर्षनोंदी आणि वाचनाची रीत यांच्यासह, त्याच्या शेजारी ठेविल्यावाचून त्या संग्रहाला पुरावा म्हणता येणार नाही.